निळा बॅज, हिरवा बॅज

शुक्रवार, १५ सप्टेंबर २०२३

टेक्सासातल्या आमच्या सॅन अँटोनिओत उन्हाळा अजून हटायला तयार नाही. पार्किंगमधून लॉबीत पोचेपर्यंत घामाघूम झाले. आत गेले तर पताका लागलेल्या. पापेल पिकादो म्हणतात त्यांना, पातळ रंगीत कागदाला नक्षीची भोकं पाडून केलेल्या. लांबून अगदी आपल्या गणपतीच्या मंडपातल्या वाटतात. खाली एचआरनं मागवलेलं एक खोकं होतं. म.नं ते उघडलं. आत कागदी सोंब्रेरो, म्हणजे रुंद काठाच्या मेक्सिकन टोप्या, आणि चिकटवायच्या मिशा. तिनं एक मिशी उचलून पाहिली, परत आत टाकली, खोकं बंद केलं आणि पायानं टेबलाखाली सरकवलं. "हे आपल्याला मिळालंच नाही," मला म्हणाली. म. म्हणजे आमच्या लॅटिनो गटाची, म्हणजे ऑफिसातल्या लॅटिन अमेरिकी मुळाच्या कर्मचाऱ्यांच्या गटाची, प्रमुख. सहावा महिना चालू आहे, तरी शिडीवर चढून पताका बांधत होती.

मी ह्या गटाची खजिनदार. लॅटिना नाही. स्पॅनिश येतं ते फोनवरच्या ॲपनं शिकवलेलं. पण एक्सेल येतं, आणि गटाला तेच हवं होतं.

हा 'हिस्पॅनिक', म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या लोकांचा, 'वारसा महिना' मध्येच पंधरा तारखेला का सुरू होतो, हे मला पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. विचारायची लाज वाटायची. मग म.नंच सांगितलं. १८२१ साली १५ सप्टेंबरला ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका हे पाच देश स्पेनपासून मोकळे झाले. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन सोळाला, चिलीचा अठराला. म्हणून पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबर. आधी नुसता आठवडाच होता, १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सननं सही करून सुरू केलेला. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत ह्याच गावचा खासदार हेन्री बी. गोन्झालेस होता, ज्याच्या नावाच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये आपण सारखे कसल्या ना कसल्या परिषदांना जातो. १९८८ मध्ये रेगनच्या काळात आठवड्याचा महिना झाला.

संध्याकाळी उशिरापर्यंत बसले होते. साडेपाचला सफाईची माणसं येतात. आमच्या मजल्यावर ज्या बाई असतात त्यांना सगळे सिन्योरा म्हणतात. आज त्यांच्या एप्रनला निळ्यापांढऱ्या रिबिनीचा एवढासा तुकडा पिनेनं लावलेला. विचारलं तर म्हणाल्या, आज आमचा स्वातंत्र्यदिन, होंडुरासचा. मग पताकांकडे बघून पार्टीचं विचारलं, "फिएस्ता कधी आहे?"

म्हटलं, सत्तावीस तारखेला, दुपारी बाराला.

"आह, बाराला," म्हणाल्या आणि व्हॅक्यूम सुरू केला.

मंगळवार, १९ सप्टेंबर

आज चतुर्थी. सकाळी साडेपाचला उठून मोदक केले, अकरातले चार फुटले. चिरंजीवांनी आरतीत टाळ्या वाजवल्या आणि "कॅन आय गो नाऊ" म्हणून निघून गेले. असो.

दुपारी गटाची मीटिंग. विषय एकच: नाव. मूळ नाव 'हिस्पॅनिक नेटवर्क'. चार वर्षांपूर्वी वरून कुणाला तरी 'लॅटिनएक्स' आधुनिक वाटलं, म्हणून ते झालं. स्पॅनिशमध्ये माणूस लातिनो आणि बाई लातिना. त्या ओ-आच्या भांडणात कुणी बाहेर राहू नये म्हणून शेवटी एक्स. हेतू चांगला. अडचण अशी की स्पॅनिश बोलणाऱ्याच्या जिभेवर तो एक्स बसत नाही. प्यू संस्थेच्या २०२० च्या पाहणीत स्वतःसाठी हा शब्द वापरणारे शंभरात जेमतेम तीन निघाले होते. गटातल्या सगळ्यात धाकट्या मुलीला 'लातिने' हवं, कारण ते निदान तोंडात फिरतं.

आर. साठीच्या पुढचे, हिशेबखात्यातले, सहसा बोलत नाहीत. आज बोलले. "मी तेहानो. आमचं घराणं १८३६ च्या आधीपासून इथे आहे. आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमा आम्हाला ओलांडून गेली." १८३६ पर्यंत टेक्सास मेक्सिकोत होतं, आणि तेहानो म्हणजे तेव्हापासूनचे इथले मेक्सिकन. हे सीमेचं वाक्य टेक्सासात बऱ्याच जणांच्या तोंडी असतं, पण आर.च्या तोंडून ते घोषणेसारखं वाटत नाही. घरचा पत्ता सांगावा तसं सांगतात.

व्हेनेझुएलाची मुलगी म्हणाली, "मी काराकासची होते. मायामीच्या विमानतळावर उतरले आणि लॅटिना झाले."

मला हसू आलं, कारण मी वर्ध्याची. नागपूरला गेले तर वर्ध्याची, पुण्यात विदर्भातली, बंगलोरला मराठी. 'साऊथ एशियन' मी ह्याच ऑफिसातला एक फॉर्म भरताना झाले. त्याआधी हा शब्द स्वतःला लावून पाहिला नव्हता.

तासाभरानं नाव 'लॅटिनो नेटवर्क' ठरलं, एका मताच्या फरकानं. लातिनेवाली रुसली. आर.नी तिला आपल्या डब्यातली कोंचा दिली. हा वर साखरेची भेगाळलेली टोपी असलेला गोड पाव असतो.

बुधवार, २७ सप्टेंबर

कार्यक्रम झाला. दोनशेच्या वर माणसं आली आणि टॅको पंचवीस मिनिटांत संपले. उपाध्यक्षांनी भाषणात सिंको दे मायोचा, म्हणजे पाच मेचा, उल्लेख केलाच, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन म्हणून. तो दिवस खरं तर १८६२ च्या प्वेब्लाच्या लढाईचा, फ्रेंचांविरुद्धच्या. सगळ्यांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या.

मीही काही करायला गेले होते. पांडुरंग खानखोजे आमच्या वर्ध्याचे. गदर पक्षाचे क्रांतिकारक, इंग्रजांनी घराचं दार बंद केल्यावर १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्यावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरानं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना पाव वाटताना रंगवलंय. ह्याच्या मी अकरा स्लाइड केल्या होत्या. म.नं शांतपणे पाहिल्या आणि म्हणाली, "सुंदर आहे. तीन मिनिटं देते." मनातून खट्टू झाले. घरी येऊन विचार केला, गणपतीच्या कार्यक्रमात कुणी येऊन आपल्या पणजोबांवर अकरा स्लाइड लावल्या असत्या तर मी तीन मिनिटं तरी दिली असती का?

दिवस खरा गाजवला तो आर.नी. आम्ही एक खुर्ची आणि एक माईक ठेवला होता, ज्याला वाटेल त्यानं बसावं आणि बोलावं. आर. उठतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते म्हणाले, पहिलीत होतो, १९६७. मैदानात बॉल मागताना स्पॅनिशमध्ये हाक मारली. बाईंनी आत नेऊन लाकडी पट्टी मारली. टेक्सासात शाळेत इंग्रजीच बोलायचं असा नियमच होता. ज्या जॉन्सननं आठवडा सुरू केला, तोच तरुणपणी कोटुलाच्या शाळेत मेक्सिकन पोरांचा मास्तर होता, इथून दीड तासावर, आणि तोही पोरांना इंग्रजीच बोलायला लावायचा. पुढे त्यानंच १९६८ मध्ये द्विभाषिक शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. "तोवर माझी पट्टी खाऊन झाली होती," आर. म्हणाले. लोक हसले. ते हसले नाहीत. "मी माझ्या मुलींना स्पॅनिश शिकवलं नाही. मार नको बसायला. आता नातीला शाळेत फी भरून शिकवतात, आणि ती मला दुरुस्त करते."

मागच्या रांगेत डेटा टीममधला एक जण उभा होता. आडनाव गार्सिया, चार वर्षांत एकदाही गटात आला नव्हता. जाताना त्यानं माझ्याकडे नाव नोंदवलं आणि हळूच विचारलं, "स्पॅनिश येत नसलं तर चालतं ना?" अशा पोरांना इथे 'नो साबो' म्हणून चिडवतात. 'मला माहीत नाही' हे स्पॅनिशमध्ये 'नो से' असं म्हणायचं असतं, ते ज्यांना येत नाही ते. म्हटलं, मला तर तसलं आडनावही नाही. ह्या गावात शंभरातली साठाहून जास्त माणसं लॅटिनो आहेत, मग ऑफिसात वेगळा गट कशाला, असं पूर्वी मलाही वाटायचं.

सहा वाजता पुन्हा मजल्यावर गेले, राहिलेला चार्जर आणायला. सिन्योरा आणि आणखी दोघी पताका उतरवत होत्या आणि जमिनीवरचे टॅकोचे डाग पुसत होत्या.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

त्या दिवसापासून सिन्योरांचं ते पताका उतरवणं डोक्यातून जात नाही. कारण सरळ आहे. माझा बॅज आज निळा आहे. २०१६ ते २०१९ तो हिरवा होता.

हिरवा म्हणजे कंत्राटी. बसायची जागा तीच, कॉम्प्युटर तोच, काम तेच, बॉस तोच. पण पगार देणारी कंपनी वेगळी. पहिल्या डिसेंबरात तळमजल्यावर पार्टी होती. मेल आली, कार्यक्रम फक्त कर्मचाऱ्यांसाठी. आम्ही हिरवे सात जण होतो, सगळे भारतातले. भाजलेल्या मांसाचा आणि दालचिनीचा वास लिफ्टमधून वर येत होता. आम्ही डबे काढले. कुणी काही बोललं नाही, फक्त एका तेलुगू मुलानं स्वतःच्या बॅजचा फोटो काढून बायकोला पाठवला. खाली काय लिहिलं होतं ते त्यानं दाखवलं नाही.

आणि आता मी खजिनदार म्हणून जी यादी सांभाळते, तिच्यात सिन्योरांचं नाव घालता येत नाही. त्याही हिरव्याच. इमारतीत रोज स्पॅनिशमध्ये सगळ्यात जास्त बोलणारी माणसं 'लॅटिनो नेटवर्क'ची सभासद होऊ शकत नाहीत.

कायदा विभागाला विचारलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. कंत्राटी माणसाला कर्मचाऱ्यासारखं वागवलं की उद्या तो म्हणेल मी कर्मचारीच आहे. ही भीती हवेतली नाही. मायक्रोसॉफ्टच्या 'कायम तात्पुरत्या' लोकांनी नव्वदच्या दशकात हाच दावा लावला होता, आणि २००० साली सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. शिवाय असा गट पगाराबद्दल कंपनीशी बोलू शकत नाही. ते युनियनचं काम, आणि कंपनीच्या पैशावर युनियन चालवणं १९३५ पासून बेकायदा. थोडक्यात, नाचा, खा, पण पैशाचं काढू नका.

म. म्हणाली, आपण दिलेल्या पार्टीचं उरलेलं त्यांच्यासाठी झाकून ठेवायचं नाही. तसं करायचं असेल तर काहीच करू नये. मग तिनंच वाट काढली. कार्यक्रम करायचाच नाही. आमंत्रण नाही, बजेट नाही, एक्सेलमध्ये ओळ नाही. पाच वाजता आम्ही चौघी पॅन्ट्रीत आपापलं खाणं घेऊन बसणार. कुणी आलं तर आलं.

मी शेंगदाण्याचे लाडू नेले. म.नं चहा. सिन्योरा आल्या त्या भला मोठा कूलर ओढत. आत फॉइलमध्ये गुंडाळलेल्या चाळीस बालेआदा! गव्हाची जाड, मऊ पोळी, आत घोटलेल्या लाल घेवड्याचा लगदा, त्यावर घट्ट साय आणि चुरलेलं चीज, आणि अर्धी घडी. फॉइल उघडल्यावर वाफ आली. आम्ही त्यांना खाऊ घालणार होतो. त्यांनी चौदा जणींना खाऊ घालून शिफ्ट वेळेवर सुरू केली.

खाता खाता त्यांची मैत्रीण भराभर काहीतरी सांगत होती आणि मधेच मला स्पष्ट ऐकू आलं: "पगार". वाटलं भास झाला. पुन्हा आलं. पागार म्हणजे स्पॅनिशमध्ये पैसे चुकते करणं, पोर्तुगीजमध्येही तेच, आणि त्या पोर्तुगीजांकडूनच आपण 'पगार' घेतला. मी सांगितल्यावर सगळ्यांनी मला म्हणून दाखवायला लावलं. "पगार, पगार," सिन्योरा दोनदा म्हणाल्या. मग मैत्रिणीच्या वाक्याचा उरलेला अर्थ म.नं सांगितला. मागच्या महिन्यात दोन शिफ्टचा पागार आलेला नाही.

ह्यावर गट म्हणून आम्हाला काही बोलता येत नाही. म.नं फोन काढला आणि कामगारांच्या थकलेल्या वेतनासाठी राज्य सरकारचा जो दावा-अर्ज असतो, तो स्पॅनिशमध्ये उघडून दिला. एक शेजारीण दुसरीला दाखवते तसा. फॉर्म भरून होईपर्यंत व्हॅक्यूम दहा मिनिटं उशिरा सुरू झाला.

शनिवार, १४ ऑक्टोबर

आज सर्वपित्री अमावास्या आणि सूर्यग्रहण. कंकणाकृती, आणि पट्टा बरोबर आमच्या गावावरून. बाराला आठ मिनिटं कमी असताना कडं पुरं होणार होतं. गटातले आम्ही बरेच जण पोराबाळांसकट पार्कात जमलो. आर. नातीला घेऊन आले होते. गार्सियानं पोराला खांद्यावर घेतलं होतं.

म. सावलीत बसली होती, वर बघायला तयार नव्हती. टी-शर्टचा काठ उलटून मला दाखवलं. पोटाशी दोन सेफ्टी पिना. ग्रहणात गर्भारणीनं अंगावर लोखंड ठेवायचं, नाही तर बाळाचा ओठ फाटतो, अशी तिच्याकडची समजूत. एक पिन तिच्या आजीनं लावलेली. दुसरी गुरुवारी सिन्योरांनी, स्वतःच्या एप्रनवरची काढून, जिच्यानं निळीपांढरी रिबीन लावली होती ती. "मी इंजिनिअर आहे," म. म्हणाली, "पण काढायची हिंमत नाही."

कडं पुरं झालं तेव्हा उजेड विचित्र झाला, पितळी. झाडाखाली पानांतून पडणारे कवडसे सगळे बांगड्यांसारखे. नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल. वर्ध्याला रात्रीचे साडेदहा वाजत आलेले. तिथे ग्रहण दिसणार नव्हतं, त्यामुळे पाळायचं नव्हतं, तरी ती जागी होती. मी तिला कवडसे दाखवले, मग म.ला दाखवलं, पिनांचं सांगितलं.

"बरं केलं बाई तिनं," आई म्हणाली. "पिन देणारी कोण? तुमच्याच ऑफिसातली का?"

"हो," म्हटलं. "आमच्याच."

"मग दोघींनाही सांग, हिनं आज काही चिरायचं नाही. भाजी तू चिरून दे."