ओढा सावलीला का चिकटतो

सॅन मिगेल सोडून इंडियन व्हॅलीच्या रस्त्याला लागलो तेव्हा साडेदहा वाजले असतील. जानेवारीचा पहिला आठवडा, दोन दिवसांपूर्वीच पाऊस पडून गेलेला. कॅलिफोर्नियात लोक समुद्र बघायला येतात, मी आले होते गॅबिलान मेसाच्या बुटक्या टेकड्या बघायला, तेही धाकट्या भावाला गाडी चालवायला लावून.

"ताई, सगळ्या सारख्याच तर आहेत!" पंधरा मिनिटांतच तो म्हणाला.

"म्हणूनच आलोय. आता एकाच टेकडीच्या दोन्ही बाजू बघ."

सॅलिनास नदीच्या पूर्वेला हा प्रदेश पसरलाय. साधारण दीडशे मीटरच्या अंतराने घळीमागून घळ, कुणी फणी फिरवल्यासारखी. खाली सगळीकडे पासो रोबल्स फॉर्मेशन, म्हणजे जुन्या नद्यांनी आणून टाकलेली वाळू, गोटे आणि चिकणमाती, अजून नीट घट्टही न झालेली. तेव्हा समोरासमोरच्या उतारांत फरक दिसला, तर तो खडकावर ढकलता येत नाही.

आणि फरक दिसतोच. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर ओकची दाटी, दक्षिणेकडे तोंड केलेल्यावर नुसतं गवत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओकची बाजू उभी आहे आणि गवताची ऐसपैस, लांबट. भावाने गाडी थांबवली ती हे दिसल्यावर.

कुंपणापलीकडे खाजगी कुरणं, त्यामुळे आत जाता येत नव्हतं. पण रस्त्यासाठी टेकडी कापलेली असली की तिचं पोट उघडं पडतं. उन्हाच्या बाजूची माती दोनच दिवसांत फिकट झाली होती, वर पातळ पापुद्रा, बोट लावलं की भुगा. मध्येमध्ये गोफरने (जमिनीत बिळं करणारा, घुशीसारखा प्राणी) उकरून टाकलेले ढिगारे, प्रत्येकाची माती थोडी खालच्या अंगाला घसरलेली. सावलीच्या बाजूला तीच माती काळसर. मुठीत दाबली तर लाडू वळला गेला. बोटाएवढी मुळं, त्यांत अडकलेले गोटे, वर कुजक्या पानांचा थर. ओकच्या फांद्यांवरून दगडफुलाच्या जटा लोंबत होत्या. मी तिथे बराच वेळ उकिडवी बसून राहिले.

थोडा हिशेब सांगते, कारण मला तोच सगळ्यात सुंदर वाटतो. इथला अक्षांश सुमारे ३६ अंश. २१ डिसेंबरच्या आसपास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंशांवर. २० अंशांच्या दक्षिण उताराला त्या वेळी उत्तर उताराच्या चौपट ऊन मिळतं. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि हा फरक पंचमांशापेक्षाही कमी उरतो. आता इथला पाऊस कधी पडतो? हिवाळ्यात! ऊन सगळ्यात विषम वाटलं जातं, नेमकं तेव्हाच पाणी येतं. एका उतारावरचं चार दिवसांत उडून जातं, दुसऱ्यावरचं मुरतं आणि झाडाच्या कामी येतं.

पुढचं काम झाडं करतात. पानं थेंबाचा मार झेलतात, मुळं माती धरून ठेवतात. उघड्या उतारावरून पाणी माती घेऊन खाली येतं, तिचा ढीग तळाशी ओढ्याच्या वाटेत पडतो आणि ओढा पलीकडे सरकतो, ओकच्या पायथ्याला. तिथे तो पायथा कुरतडतो, म्हणून ती बाजू आणखी उभी होते. डोरेनवेंड या भूशास्त्रज्ञाने १९७८ साली इथल्या दऱ्यांच्या या एकांगीपणावर लिहिलं होतं. दक्षिण गोलार्धात दिशा उलट धरायच्या. मात्र हा काही सगळीकडचा कायदा नाही: जिथे जमीन गोठलेली असते, तिथे ऊन बर्फ वितळवून माती सैल करतं आणि गणितच बदलतं.

दुपारी बाराच्या सुमारास एका मोरीजवळ उतरलो. ओकखालचा सगळ्यात उभा पट्टा त्या वेळीही सावलीत होता, समोरचं गवत मात्र लख्ख. भाऊ मोरीवरून वाकून खाली बघत होता.

"ओढा मधून वाहतच नाहीये, ताई."

खरंच, गवताच्या बाजूला मातीचा रुंद, सपाट पंखा पसरला होता. हातभर रुंदीचं गढूळ पाणी त्याला वळसा घालून थेट ओकच्या मुळांना घासत चाललं होतं, आणि एका मुळाखालची माती आमच्यासमोर ओंजळभर सुटून पाण्यात पडली.