सिल्लारीला मातीच्या कॉटेजमध्ये उतरताना

नागपूरहून जबलपूर हायवेला लागायचं, मनसर मागे टाकायचं आणि पवनीला डावीकडे सिल्लारीकडे वळायचं. साधारण 70 किलोमीटर. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या या कडेला मातीच्या भिंती, बांबूची छतं आणि कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, पडदे मिरवणारे महागडे रिसॉर्ट आहेत. एवढे पैसे मोजतो, तर कारागिरी खरी आहे का ते बघायलाच हवं.

आम्ही उतरलो तिथे आधी भिंतीचा पायथा पाहिला. दगडी जोतं दीड-दोन फूट वर आलेलं, कवेलूचं छप्पर भिंतीबाहेर तीन फूट झुकलेलं. मातीच्या घराचं आयुष्य या दोन गोष्टींवर ठरतं, कारण पाऊस वरून कमी आणि जमिनीवरून उडालेल्या शिंतोड्यांनी जास्त नुकसान करतो. आपली काळी माती यात चालत नाही. ती वाळली की आकसते, भेगा पडतात. मुरमाड माती, शेण आणि भुसा कालवून, कुजवून मगच लिंपण करतात. भिंतीवर बोटानं टकटक करा. दबका आवाज आला तर माती, टणक आला तर वर सिमेंट आहे. सिमेंटखाली ओल कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात.

जाड भिंत दुपारचं ऊन अडवते खरी, पण तीच उष्णता रात्री खोलीत सोडते. मे महिन्यात जात असाल तर समोरासमोर खिडक्या असलेलीच खोली मागा.

बांबूखाली पिवळसर भुकटी पडलेली दिसली, की त्याला भुंगा लागलाय. हा किडा बांबूतल्या पिठूळ अंशावर जगतो. म्हणून बुरूड तीन वर्षांपुढचा बांबू हिवाळ्यात तोडतात. नंतर पेरं आतून भोसकून तो टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बरेच दिवस बुडवून ठेवावा लागतो. हे टाळलं, तर कितीही वॉर्निश लावा, उपयोग नाही.

कोसा मात्र निवांत हातात घ्यावा. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्यांचा हा धागा मधाच्या रंगाचा आणि मध्येच जाड, मध्येच बारीक असतो. करवत काठी साडीत अंग कोशाचं, काठ सुताचा. आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवून विणकर दोन्ही जोडतो आणि सांध्यावर करवतीचे दात उमटतात. ते दात उलट्या बाजूनेही बघा: छापील असतील तर तिथे फिकट पडतात. रिसॉर्टच्या दुकानातून घेताना सुटा धागा मागून जाळून पाहावा. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख, तर कोसा. कडक मणी झाला, तर पॉलिस्टर.

रात्री अंगणातले दिवे वरून झाकलेले, पिवळसर आणि मंद असायला हवेत. पेंचचा महाराष्ट्रातला भाग 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश कृत्रिम उजेडापासून जपणारं ठिकाण, झाला, आणि झाडांवर फोकस मारणारा रिसॉर्ट ते आकाशच पुसून टाकतो.

रिसॉर्टची खरी परीक्षा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होते. जंगल नुकतंच उघडलेलं असतं, आणि पावसाळ्यानंतर भिंती पुन्हा सारवल्यात की नाही, ते लगेच दिसतं.