राबाईचा नाशिककर पाद्री

शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येक नाशिककराला रेव्हरंड विल्यम जोन्स हे नाव माहीत असायला हवं, असं केनियातल्या मोंबासात राहायला लागल्यापासून मला फार वाटतं.

शरणपूरची ख्रिस्ती वस्ती १८५०च्या दशकातली. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस तिथे काम पाहत. त्या काळी ब्रिटिश आरमार समुद्रात गुलाम वाहणारी गलबतं पकडायचं. त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची आणि त्यांतली बरीच पुढे नाशिकला यायची. इथे ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. जेकब वेनराइट हा त्यांच्यातलाच. आफ्रिकेत फिरलेला प्रवासी-मिशनरी लिव्हिंगस्टन, त्याचा देह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या दफनविधीलाही हजर होता. इंग्रजी पुस्तकं त्याची आठवण काढतात. माझा जीव मात्र जोन्सवर जडलाय.

जोन्सही असाच, लहानपणी पकडून विकला गेलेला. नाशिकला शिकून तो १८६४ साली, नाशिकलाच शिकलेल्या इश्माएल सेमलरबरोबर, इथे राबाईच्या मिशनमध्ये काम करायला आला. मोंबासाहून मझेरासपर्यंत गेलं आणि तिथून चढावाला लागलं की नारळाच्या बागांत राबाई लागतं. दहा वर्षांनी खुद्द प्राइसही मोंबासाला आले. सुटका झालेल्या गुलामांसाठी किनाऱ्यावर फ्रिअर टाउन वसवायचं होतं. हे नाव बार्टल फ्रिअर यांचं, तेच मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडणारे गव्हर्नर.

आता खरी गोष्ट. हा किनारा तेव्हा झांझिबारच्या सुलतानाकडे होता. १८७३च्या तहाने त्याने समुद्रमार्गे चालणारा गुलामांचा व्यापार बंद केला, पण गुलामगिरी बंद केली नाही. मालकाच्या मळ्यातून पळालेला माणूस कायद्याने मालकाचाच राहिला. पळून आलेल्यांना मिशनने ठेवून घेऊ नये, असाच वरून आग्रह होता. मालक चिडले तर मिशनवरच चालून येतील, ही भीतीही खरी होती. तरी माणसं रात्रीबेरात्री टेकड्या चढून राबाईला येत राहिली आणि जोन्सने त्यांना आसरा दिला. त्यांनी झोपड्या बांधल्या, मका नि कसावा लावला, पोरं शाळेत बसली. ज्याला लहानपणी कुणीतरी विकलं होतं, तो दारात आलेल्या माणसाला मालकाकडे परत कसा पाठवणार? मला वाटतं, वरच्या साहेबांना हे कागदावरून कळणं अवघडच होतं.

१८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना पाद्रीपदाची पहिली दीक्षा दिली. त्याच वर्षी जोन्स बिशपांबरोबर युगांडाच्या वाटेवर निघाला. बिशप थोडी माणसं घेऊन पुढे गेले आणि मारले गेले. मागे राहिलेला तांडा सांभाळून राबाईपर्यंत परत आणला तो जोन्सनेच.

१८८८ साली ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी मोंबासाला आले, तेव्हा मिशनच्या वस्त्यांत पळून आलेले सुमारे १,४०० जण निघाले. मालक हटून बसले होते. शेवटी त्यांना नुकसानभरपाई देऊन प्रकरण मिटवलं आणि १ जानेवारी १८८९ला त्या माणसांना मुक्तीचे दाखले वाटले. माणसावर मालकी सांगणाऱ्याच्या हातात पैसे पडले, हे वाचून मला आजही राग येतो. पण त्या दिवसापासून राबाईतल्या एखाद्या आईला तिचं पोर कुणी ओढून नेईल ही भीती उरली नाही.

आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तिचं अर्धं आयुष्य शरणपूर रोडला गेलंय. म्हणाली, "अगं, आम्हाला शाळेत हे कुणी कसं सांगितलं नाही?"

राबाईला पहिल्या जुन्या चर्चच्या इमारतीत आता छोटं संग्रहालय आहे. नाशिकहून आले म्हटलं की तिथली माणसं खुर्ची पुढे करतात आणि नाशिकबद्दल विचारत बसतात: शाळा कुठे होती, मुलं राहायची कुठे, खायची काय. शरणपूरात कुणाच्या घरी त्या काळातला फोटो, पत्र किंवा एखादी वही जपलेली असेल तर मला नक्की कळवा. प्रत काढून मी स्वतः राबाईला नेऊन देईन.