टूथपिक

आज चवथ. सकाळी नैवेद्याला फणसाच्या पानांचे द्रोण लावायला बसलो. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, जरा हीर..." आणि जीभ चावली. "राहू दे. टूथपिक असतील ना घरात?"

परसात पाच माड आहेत आमच्या, झावळीच्या पातीपातीत हीर.

दिवसभर डोक्यात तेच. गेल्या वर्षी मे महिन्यात लेकाला धनुष्यबाण हवा होता. हीर मीच सोलून दिला. टोकसुद्धा मीच काढलं, बाण नीट जावा म्हणून. ह्यांनी अजून एका शब्दाने विचारलेलं नाही. विचारलं असतं तर... असो.

जखम भरली, पण बुबुळावर फूल पडलं. किती गोड शब्द! मग यंदा शिमगा झाल्यावर बांबोळीच्या इस्पितळात डोळ्याची पुढची काच बदलली. सोळा टाके, केसाहून बारीक नायलॉनचे. मुलांचे टाके लवकर सैल पडतात, म्हणून काढायचेही लवकर, आणि त्यासाठी पुन्हा भूल. मी बाहेर बसून सोळापर्यंत मोजत होते. पुन्हा पुन्हा.

डॉक्टरांनी सांगितलं, 1905 साली एडुआर्ड झिर्म यांनी पहिल्यांदा असं रोपण यशस्वी केलं, तेव्हा ती काच अकरा वर्षांच्या एका मुलाची होती. लोखंडाचे कण घुसून त्याचा डोळा गेला होता, काच तेवढी शाबूत होती. मला धीर यावा म्हणून सांगितलं असणार. मी आठवडाभर त्या मुलाच्या आईचाच विचार करत होते. लोखंडापाशी त्याला जाऊ कुणी दिलं?

काच स्वच्छ असली तरी मेंदूला चांगल्या डोळ्याचीच सवय. म्हणून तो झाकायचा आणि ह्याला राबवायचं, रोज दोन तास. संध्याकाळी पट्टी लावून त्याला गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली उभा केला. "तोरिंजन! आंबाडे! कांगलां!" धडाधड म्हणाला. माझे डोळे भरून आले. पदराने पुसले तेव्हा दिसलं, पट्टीचा नाकाकडचा कोपरा उचललेला. लबाड!

पट्टी दाबून पुन्हा विचारलं. तोरिंजन सांगितलं. बाकीचं सगळं "हिरवं हिरवं". तोरिंजन तर तोरिंजन.

सकाळचे द्रोण सगळे गळले. टूथपिकने पान फाटतं, हे वन्संना काय मी सांगायचं? रात्री उद्याचे लावायला घेतले तेव्हा परसात जाऊन नव्या खराट्यातले चार हीर ओढून आणले. वन्सं काही बोलल्या नाहीत, पान पुढे केलं.

त्याने एक हीर मागितला. दिला नाही.