दीड पान खोगीर

ते पत्र रात्री बंद करून झोपले होते, सकाळी तोंड धुवायच्या आधी पुन्हा उघडलं. त्यात आहे काय एवढं? अमेरिकेतल्या एका चित्रकाराने मित्राला जुन्या खोगिरांबद्दल लिहिलंय. तब्येत, पैसे, अर्धवट राहिलेलं चित्र, सगळं एकेका ओळीत उरकलंय. पुढे दीड पान नुसतं खोगीर. कुणाच्या तरी तबेल्यात एक पडून आहे असं कानावर आलंय, जाऊन बघ. त्याला तेल लावू देऊ नकोस, तुटलेला पट्टा शिवू देऊ नकोस. खोगिराच्या पुढच्या टोकाला दोर गुंडाळायचा खुंट असतो, त्यावर दोराच्या खाचा आहेत का? समासात खुंटाचं चित्र काढलंय आणि खाचा कुठे शोधायच्या तिथे इतकं गिरवलंय की शाई मागच्या पानावर उमटलीय.

खाचांची भानगड मला आधी कळली नाही, मग वाचत बसले. कॅलिफोर्नियाचे व्हाकेरो, म्हणजे घोड्यावरचे गुराखी, जनावर फाशात अडकलं की दोराचे वेढे खुंटाला देत, हवा तेव्हा दोर सैल सोडत. टेक्सासवाले दोराचं टोक आधीच खुंटाला पक्कं बांधून टाकत. म्हणजे त्या खाचांत कुणाचा तरी कामाचा दिवस उमटलेला असणार. आणि हा माणूस तोच मागतोय, जसाच्या तसा, न पुसता.

मला हेवा वाटतोय. संग्रहाचा नाही, खोगीर घेऊन मी काय करू? हेवा त्या हवं असण्याचा. हल्ली मला कुणी विचारलं, काय आणू तुला, तर 'काही नको' तोंडावरच असतं. लोक म्हणतात, किती समाधानी आहेस. आज पहिल्यांदा त्या शब्दांची धास्ती वाटली. आईचंही शेवटी असंच झालं होतं. असो.

मध्येच रेमिंग्टन आठवला, तोही अमेरिकन चित्रकार. 1907 आणि 1908 मध्ये त्याने स्वतःची कितीतरी चित्रं जाळली आणि रोजनिशीत तसं लिहूनही ठेवलं. 1909 च्या डिसेंबरात गेला, वय फक्त 48. त्याच्या स्टुडिओतली खोगिरं आणि बाकीचं सामान मात्र राहिलं, आज वायोमिंगमध्ये कोडी गावातल्या संग्रहालयात आहे. स्वतःच्या हातचं नकोसं झालं तरी दुसऱ्याने वापरून झिजवलेलं हवंसं वाटत राहतं का? की वस्तू फक्त टाकायच्या राहून जातात? दुपारभर हेच. मी तर काही जाळलेलंही नाही, जाळावं असं काही केलं कुठे, इथपर्यंत मजल गेली आणि रडू आलं.

मग मॅक्लेलन खोगिराचा फोटो सापडला. अमेरिकन लष्कराने 1859 मध्ये स्वीकारलेलं. बसायच्या जागी मधोमध लांबट फट, घोड्याच्या कण्यावर भार येऊ नये आणि पाठीला वारा लागावा म्हणून. सुरुवातीला लाकडी सांगाड्यावर नुसतं कच्चं कातडं चढवलेलं असे, ते फाटलं की स्वाराचे हाल. घोड्याचा विचार आधी, स्वाराचा नंतर! हे मला फार आवडलं. ती फट काढायला वही घेतली. पुढची कमान जमेना, पुसली, पुन्हा काढली. तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, कुठे अडकवतात ते दिसेना म्हणून दुसरा फोटो शोधला, मग रिकीब, मग तिचा पट्टा. दिवा लावायचंही सुचलं नाही.

तेव्हा हवं असणं अगदीच आटलेलं नाही म्हणायचं. त्याच्याइतकं दांडगं नाही माझं, कुणाला तबेल्यात पिटाळण्याइतकं तर नाहीच. नसू दे. एवढ्यावर माझं भागेल.

फक्त मित्राने काय कळवलं ते अजून हाती लागलेलं नाही. त्याच वर्षाची आणखी पत्रं आहेत, अक्षर भयंकर आहे, उद्या सकाळी तिथूनच सुरुवात करणार. खाचा होत्या की नव्हत्या, ते मला कळायलाच हवं.