संस्थानी

सोलापूर शहर खालसा मुलखातलं, थेट इंग्रजांच्या अमलाखालचं. पण चार कोस लांब गेलं की धनी बदलायचा. अक्कलकोटला भोसले, मंगळवेढ्यात सांगलीकर पटवर्धन, आणि तुळजाभवानीच्या पाया पडायचं तर निजामाच्या हद्दीत शिरायचं. त्या हद्दीला आमच्याकडचे जुने लोक सरळ ‘मोगलाई’ म्हणत. मोगल कधीच गेले, निजामही गेला. तरी पोरांनी धुडगूस घातला की आजी अजून ओरडते, ‘‘मोगलाई लागून गेली का रे?’’

मोगलाईच्या नशिबी असा धुडगूस आला आणि ‘संस्थानी’च्या वाट्याला थाट. संस्थान हा मुळात संस्कृत शब्द, स्था धातूचा. ठाण मांडून बसणं त्यातच आलं. मराठीत तो देवालाही चालतो, राजालाही. शिर्डीचं संस्थान आहेच की. पण शिर्डीच्या रांगेला कुणी संस्थानी रांग म्हणत नाही. विशेषण राजेलोकांनी पळवलं.

‘खालसा’चा प्रवास जास्त गमतीचा. अरबी ‘खालिस’ म्हणजे शुद्ध, निर्भेळ. ज्या जमिनीचा सारा मधे कुणी जहागीरदार न येता थेट सरकारात जमा होई, ती खालसा. पुढे इंग्रज एकेक राज्य गिळत गेले आणि खालसा होणं म्हणजे संपणं झालं. १८४८ मध्ये सातारा असाच खालसा झाला. अक्कलकोटकर साताऱ्याचे मांडलिक. धन्याचं राज्य बुडालं, यांचं मात्र आणखी शंभर वर्षं चाललं. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं, १९७१ मध्ये माजी राजांना सरकारकडून मिळणारे तनखेही बंद झाले. अक्कलकोटच्या राजवाड्यातला शस्त्रसंग्रह तेवढा आजही बघायला मिळतो.

मला वाटतं, संस्थानी या शब्दाला खरी झळाळी संस्थानं गेल्यावरच आली. संस्थानात राहून सारा भरणाऱ्याला त्यात कसला थाट दिसणार? तसं असतं तर राजाकडे हक्क मागणाऱ्या प्रजा परिषदा कशाला निघाल्या असत्या? आता सारा भरायचा नाही, मुजरा करायचा नाही, म्हणून लग्नात भाड्याचा फेटा बांधून आपण खुशाल ‘संस्थानी थाट’ म्हणतो. साखर कारखाना, बँक, दोन-तीन कॉलेजं हाताशी असलेल्या पुढाऱ्यालाही संस्थानिकच म्हणतात, पण ते त्याच्या पाठीमागे. निवडणुकीत तो पडला की दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा ठरलेला: ‘संस्थान खालसा’. कारखाना मात्र बहुतेक वेळा त्याच्याकडेच राहतो.