गोडाऊनचा पत्ता

दुकानाचा विमा असेल तर आजच पॉलिसीचा कागद कपाटातून बाहेर काढा आणि त्यावरचा पत्ता वाचा. मी वाचला नव्हता.

२०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गणपती पेठेतल्या आमच्या घाऊक किराणा दुकानातलं काही म्हणता काही वाचलं नाही. म्हणून २०२१ च्या जुलैत पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकताच, ४५ ची धोका पातळी यायची वाट न बघता, हमाल लावून दुकानातला माल माळ्यावर चढवला. मागच्या बोळातल्या गोडाऊनपर्यंत हात पोचला नाही. साखर, पोहे, बेसन, सगळं गेलं.

पंचनामा झाला, विमा कंपनीसाठी नुकसान मोजणारे सर्व्हेअर येऊन गेले. (ते बघेपर्यंत भिजलेला माल हलवू नका, कितीही वास सुटू दे.) मग कंपनीचं पत्र आलं: पॉलिसीत पत्ता फक्त दुकानाचा आहे, गोडाऊनचा नाही, क्लेम बसत नाही.

पॉलिसी बँकेनं सीसी (मालाच्या तारणावरच्या कॅश क्रेडिट) कर्जासोबत परस्पर उतरवलेली. हप्ता खात्यातून जायचा, कागद मी कधी मागितलाच नाही. बँकेत गेलो की "कंपनीशी बोला", कंपनीत गेलो की "बँकेनं दिलं तेच लिहिलंय". गणपती गेले, दसरा गेला. ऐन दिवाळीत घाऊकवाल्याचं दुकान अर्धं रिकामं असणं काय असतं, ते व्यापाऱ्यालाच कळेल. शेवटी बायको म्हणाली, "अहो, बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देता, त्यात गोडाऊन नाही का लिहीत?" लिहीत होतो, वेगळ्या रकान्यात! शिवाय बँकेचे साहेब गोडाऊनची पाहणी करून सही करून गेलेले. ते कागद घेऊन मॅनेजरसमोर बसलो आणि गोडाऊनचा पत्ता कंपनीला कळवायचा बँकेकडून राहिला असं लेखी मिळाल्याशिवाय उठलो नाही. ते पत्र कंपनीच्या तक्रार विभागाला दिलं, खाली लिहिलं की नाहीतर पुण्याला विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी) जाईन. फेब्रुवारीत पैसे आले. त्या रात्री सहा महिन्यांनी झोप लागली.

पैसे कापूनच आले. विम्याची रक्कम मालाच्या किमतीपेक्षा कमी होती, मग भरपाईही त्याच प्रमाणात कमी. सणाआधी गोडाऊन भरलेलं असतं, तेव्हाची किंमत धरून विमा उतरवा.

बिलांचा लगदा झाला होता, हे सांगायचं राहिलं. आमच्या सीएंनी जीएसटी पोर्टलवरून २ए (जीएसटीआर-२ए) हे विवरण काढलं, त्यात पुरवठादारांनी दाखवलेली आमची खरेदी सापडली. आणि प्रत्येक अर्जाची शिक्क्याची पोच घ्या. माझ्या सातही पोचपावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर आहेत.